सिग्नलला गाडी थरथरते: 'फाउंडेशन' बसलं म्हणजे नक्की काय बसलं?

तापीकाठचा | ८ मे, रात्री १०:१२

मंडळी, नमस्कार. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज गाडीने लिहायला लावलं.

गाडी २०१५ ची डिझेल सेडान, चार सिलेंडर, १ लाख १८ हजार किलोमीटर झालेली. रोजचं भुसावळ-जळगाव. मार्चपासून आकाशवाणी चौकात सिग्नलला थांबलं की स्टेअरिंग धरलेल्या हाताला मुंग्या येतात. आतल्या आरशात मागच्या ट्रकची नंबरप्लेट वाचता येत नाही, एका आकड्याचे दोन दिसतात. एसी लावला की आणखी जास्त. एसी बंद करावा तर बाहेर ४५ डिग्री, म्हणजे थरथर सोसा नाहीतर भाजून निघा. गंमत अशी की वेग घेतला की सगळं गुळगुळीत, ऐंशीला तर पाण्यावरून चालल्यासारखी. किल्ली बंद केली की शेवटी एक जोरदार हिसका, खुंट्याला बांधलेल्या बैलाने दावं ओढावं तसा.

एका सर्व्हिस सेंटरने (नाव लिहीत नाही) आधी चाकांचं बॅलन्सिंग केलं, मग इंजेक्टर साफ केले. साडेसहा हजार गेले, थरथर जागच्या जागी. परवा नशिराबादजवळ पंक्चर काढणाऱ्या पोराने सहज बॉनेटमध्ये डोकावून सांगितलं, "काका, फाउंडेशन बसलंय." आता माझ्या लेखी फाउंडेशन घराला असतं. हे गाडीत कुठे असतं, बसतं म्हणजे काय, आणि पोरगा खरं बोलतोय का?

अहिराणी_बाणा | ८ मे, रात्री १०:३१

काय भो, इंजिन हालस, गाडी हालस, आरसाबी हालस, फक्त बिल काही हालत नही!

गमतीचा भाग सोडा. आमच्या देवपूरच्या नानांना हाक मारतो, ते झोपले नसतील तर उत्तर येईल.

नाना_गॅरेजवाले | ८ मे, रात्री ११:२०

जागा आहे. तापीकाठचे भाऊ, पोरगा बरोबर बोलला असं समजा, पण खात्री करून मगच खिशात हात घाला.

इंजिन नि गिअरबॉक्स मिळून दोनशे किलोच्या आसपासचा ऐवज. तो बॉडीला सरळ बोल्टने आवळला तर तुम्हाला गाडीत बसवणार नाही. म्हणून मध्ये रबर. मुठीएवढा रबराचा ठोकळा, त्याच्या दोन्ही अंगांना लोखंड. एक लोखंड इंजिनाला, दुसरं बॉडीला. लोखंड लोखंडाला कुठेही शिवत नाही, सगळा भार रबरावर. आणि रबर तिथे फेव्हिकॉल लावून चिकटवलेलं नसतं, साच्यात रबर पकतानाच ते लोखंडाला धरतं. कंपनीवाले याला इंजिन माउंट म्हणतात, आमच्याकडे फाउंडेशन. मला वाटतं विहिरीवरच्या तेलाच्या इंजिनावरून शब्द आला असावा, तिथे खरंच सिमेंटचं फाउंडेशन असायचं.

तुमच्यासारख्या आडव्या इंजिनाच्या गाडीला बहुतेक तीन असतात. एक पट्ट्याच्या बाजूला, एक गिअरबॉक्सवर, ही दोन वजन धरतात. तिसरं खाली, हाडकासारखी पट्टी, दोन्ही टोकांना रबर. तिला टॉर्क रॉड म्हणतात. ती वजन धरत नाही, इंजिन पुढे-मागे कोलांटी घ्यायला लागलं की त्याला कंबरेला धरून ठेवते. जीपसारख्या उभ्या इंजिनाला दोन बाजूंना दोन आणि गिअरबॉक्सखाली एक.

आता तपासा. सपाट जागा, हँडब्रेक, चाकाला दगड. एकाने आत बसून ब्रेक पूर्ण दाबायचा, पहिला टाकून क्लच किंचित सोडायचा, इंजिनाने जोर घेतला की परत दाबायचा. मग रिव्हर्सला तेच. दुसऱ्याने बॉनेट उघडून बाजूला उभं राहून बघायचं. बाजूला. गाडीच्या पुढे उभा राहणारा मी एक पाहिलाय, त्याच्या गुडघ्याला अजून पावसाळ्यात कळ येते. इंजिन बोटभर डोललं तर काही नाही. उसळी मारून "टक्" वाजलं तर रबर फाटलं. आणि न हलताच सगळी बॉडी थरथरत असेल तर रबर बसलं, म्हणजे दबून लोखंड आतल्या अडणीला टेकलं. फाटणं नि बसणं हे दोन वेगळे आजार.

तापीकाठचा | ९ मे, सकाळी ७:४८

नाना, दंडवत. सकाळी उन्हाच्या आधी मुलाला बसवून बघितलं. इंजिन फार हलत नाही, टक् नाही. पण उजव्या बाजूचं ते माउंट काळं, ओलसर आणि तेलकट दिसतंय. बोट लावलं तर काळं झालं.

एक शंका. फाउंडेशनच गेलं असेल तर ऐंशीला गाडी गुळगुळीत कशी? जास्त वेगात जास्त थरथरायला हवी ना?

यंत्रमाय | ९ मे, दुपारी १:०५

शंका फार चांगली आहे आणि हा माझा शिकवायचा विषय, त्यामुळे प्रतिसाद लांबणार. आधीच सांगून ठेवते.

चार सिलेंडरच्या इंजिनात क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट होतात. उभ्या गाडीत ८०० आरपीएम, म्हणजे मिनिटाला ८०० फेरे धरले तर सेकंदाला साधारण १३ फेरे, म्हणजे २७ धक्के. हे झालं धक्के देणाऱ्याचं.

आता धक्के खाणारा. रबरावर टेकलेलं इंजिन म्हणजे झाडाला टांगलेला झोका. झोक्याची स्वतःची एक चाल असते. त्याच चालीत ढकललं तर तो उंच जातो. पण त्याच्या चालीपेक्षा खूप भराभर थपडा मारत राहिलात तर? तो बिचारा जागेवर थरकतो, झुलत नाही. इंजिन-माउंटची चाल साधारण सेकंदाला १० हेलकाव्यांच्या आसपास ठेवतात. नियम असा की धक्के या चालीच्या १.४ पटीच्या वर गेले तरच रबर ते अडवू लागतं, त्याच्या खाली ते उलट वाढवतं. १० ची १.४ पट म्हणजे १४. आपले धक्के २७. भरपूर अंतर, म्हणून नव्या गाडीत सिग्नलला इंजिन चालू आहे की बंद ते कळत नाही.

समजा रबर कडक झालं किंवा बसून लोखंडाला टेकलं, आणि कडकपणा चौपट झाला. चाल वर्गमुळाने वाढते, म्हणजे दुप्पट: २०. तिची १.४ पट २८. आणि तुमचे धक्के २७! सिग्नलला उभे असताना तुम्ही बरोबर त्या खड्ड्यात उभे आहात. हायवेवर २००० आरपीएमला धक्के होतात ६७, ते २८ च्या कितीतरी वर, म्हणून ते बसलेलं रबरसुद्धा पुष्कळसे अडवतं. वेगात गुळगुळीत, उभ्यात थरथर, हे कोडं असं सुटतं. एसीने इंजिनावर बोजा येतो, प्रत्येक धक्का वजनदार होतो.

बंद करतानाचा हिसकाही याच हिशोबातला. किल्ली बंद केल्यावर धक्के २७ वरून शून्याकडे येताना वाटेत झोक्याची चाल ओलांडतातच. निरोगी गाडीतही तिथे बारीक हिसका असतो. डिझेलमध्ये तो कमी व्हावा म्हणून बऱ्याच गाड्यांत बंद होताना हवेचा मार्ग मिटणारी झडप असते. तुमचा बैल एकदम का उधळतो, याचं उत्तर बहुधा त्या काळ्या ओल्यात आहे. तुमचं उजवं माउंट हायड्रोलिक असेल तर आत दोन कप्पे आणि ग्लायकॉलचं पाणी असतं. इंजिन मोठ्याने डोललं की ते पाणी एका लांब, अरुंद वाटेने या कप्प्यातून त्या कप्प्यात पळतं आणि डोलणं मारतं. बारीक, भराभर थरथरीला मात्र ते आडवं येत नाही, मधला पडदा तेवढ्यापुरता सैल खेळतो. म्हणजे एकच वस्तू मोठ्या हेलकाव्याला ताठ आणि बारीक थरथरीला मऊ. पाणी गळून गेलं की उरतं नुसतं रबर, आणि मग ते वजनाने बसतं.

अमळनेरकर | ९ मे, दुपारी १:४०

यंत्रमाय, वाचनखूण साठवली. हा झोका कॉलेजात कोणी असा टांगला असता तर माझा तो विषय एकदा तरी सुटला असता.

अवांतर: मग ट्रॅक्टरला का नाही बसवत हे? आमच्या शेतातल्या ट्रॅक्टरवर दोन तास बसलं की रात्री खाटसुद्धा हलते.

नाना_गॅरेजवाले | ९ मे, दुपारी ३:१५

ट्रॅक्टरला वेगळी चासी नसतेच ना बापू. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा धुरा, सगळं एकमेकांना बोल्टने आवळून तोच त्याचा कणा. इंजिन कणा झालं तर रबरावर ठेवणार कशाला? म्हणून रबर लावलं तर सीटखाली नि केबिनखाली लावतात.

तापीकाठचे, बोटाला लागलेलं काळं इंजिन ऑइल आहे का माउंटातलं पाणी, ते बघा. ऑइल बोटांत चोळलं की चिकट राहतं नि डिझेल गाडीचं तर कोळशासारखं. ऑइल असलं तर वर टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाचं, पॅकिंग बघा. तिथून थेंब थेंब गळून तेल माउंटावर येतं. या रबराला तेल म्हणजे वाळवी, फुगतं नि कुजतं. पॅकिंग न बदलता नवं माउंट टाकलं तर वर्षा-दोन वर्षांत परत माझ्या दारात याल. या, चहा पाजीन, पण पैसे घेईन.

शहाद्याची_सून | ९ मे, संध्याकाळी ६:३०

मीही रांगेत. माझी छोटी ऑटोमॅटिक, तीन सिलेंडर पेट्रोल. डी मध्ये ब्रेक दाबून उभी असले की सीट गुरगुरते, एन मध्ये टाकलं की गप्प. शोरूमवाले म्हणतात, "मॅडम, तीन सिलेंडरला एवढं असतंच." खरं आहे की मला वाटेला लावतात?

यंत्रमाय | ९ मे, संध्याकाळी ७:१०

ताई, अर्धं खरं आहे. तीन सिलेंडरला फेऱ्यामागे दीडच स्फोट, म्हणजे ८०० ला सेकंदाला २० धक्के. झोक्याच्या चालीच्या ते मुळातच जास्त जवळ. शिवाय तीन सिलेंडरचं इंजिन या टोकापासून त्या टोकापर्यंत मुसळासारखं हिंदकळतं. त्यामुळे थोडी गुरगुर जन्मजात. पण नवी असताना नव्हती आणि आता आहे, असं असेल तर "असतंच" हे उत्तर होत नाही. डी आणि एन मधला फरक म्हणजे जोर आल्यावरचा फरक, आणि तो जोर खालचा टॉर्क रॉड खातो. तिथून सुरुवात करा.

जोर किती, याचा अंदाज घ्या. उदाहरणार्थ तापीकाठचे यांच्या डिझेलचा टॉर्क, म्हणजे पीळ, २०० न्यूटन-मीटर धरू. पहिला गिअर साडेतीन पट, त्यानंतरचा डिफरन्शियल (दोन्ही चाकांना जोर वाटणारी दातेरी चाकं) आणखी चार पट. चाकांकडे जातात २८०० न्यूटन-मीटर, आणि तितकाच उलटा पीळ इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडीला बसतो. एक मीटर लांब पाना लावून त्याच्या टोकाला २८५ किलो टांगा, तेवढा. तो पेलायचा त्या तीन रबरांनी. पुन्हा अपेक्षा अशी की रबर मऊ असावं, हाताला मुंग्या येऊ नयेत!

खटपट्या_पाचोरा | ९ मे, रात्री ९:०२

तुम्ही सगळे उगाच हजारो रुपये घालवताय. माझ्या गाडीचा टॉर्क रॉड काढून बघितला, रबरात ही मोठी मोठी भोकं. कंपनीने रबर वाचवलंय दुसरं काय. काच चिकटवायचं काळं सीलंट आणलं, भोकं गच्च भरली, दोन दिवस वाळवलं नि बसवलं. इंजिन आता तसूभर हलत नाही. चारशे रुपयांत काम. गिअर पण कडक पडतात.

अहिराणी_बाणा | ९ मे, रात्री ९:०९

आणि सिग्नलवर?

खटपट्या_पाचोरा | ९ मे, रात्री ९:१५

सिग्नलवर थोडं वाजतं. डॅशबोर्ड जुना आहे.

यंत्रमाय | ९ मे, रात्री ९:५०

डॅशबोर्डला दोष देऊ नका हो. ती भोकं हेच तर त्या भागातलं मुख्य काम आहे!

रबर दबतं असं आपण म्हणतो, पण ते जवळपास पाण्याइतकंच न दबणारं असतं. ते फक्त आकार बदलतं. खोडरबर चिमटीत दाबा, बाजूने फुगतं. बाजूने फुगायला जागाच ठेवली नाही तर? गच्च बाटलीतल्या पाण्यावर बूच दाबल्यासारखं, लोखंडाइतकं ताठ. भोकं म्हणजे फुगायची जागा. शिवाय ती मुद्दाम अशी कापलेली असतात की पहिले काही मिलिमीटर मऊ जावं, म्हणजे सिग्नलवरची बारीक थरथर तिथेच जिरते. जोरात पीळ बसला की भोक मिटतं, रबरावर रबर टेकतं आणि तेव्हा ते ताठ होतं. तुम्ही पहिला मऊ टप्पाच भरून टाकलात. शर्यतीवाले कडक पॉलियुरेथेनचे माउंट मुद्दाम लावतात, त्यांना थरथर चालते. तुम्हाला पाचोऱ्याहून जळगावला भाजी आणायला जायचंय.

नाना_गॅरेजवाले | ९ मे, रात्री १०:२५

कन्व्हेअरच्या पट्ट्याचे तुकडे कापून माउंटाखाली घालणारेही आमच्या धंद्यात आहेत. पट्ट्यात आत कापडाचे थर असतात, तो फुगतच नाही. बाई सांगतात तेच. गिऱ्हाईक दोन दिवस खूश, कारण इंजिन वर उचललं जातं. तिसऱ्या दिवशी गिअरचा दांडा हातात गुणगुणतो. पुढे सायलेन्सरची जाळीदार नळी तुटते, कारण हलणं कुठेतरी बाहेर पडणारच.

जुनं_लोखंड | ९ मे, रात्री ११:४०

मोटारींच्या इतिहासातला एक तुकडा टाकतो. रबरावर इंजिन ठेवायची कल्पना गाजवली क्रायस्लरने, १९३१ सालच्या प्लिमथ पीए गाडीत. नाव ठेवलं 'फ्लोटिंग पॉवर'. चार सिलेंडरची गाडी, पण सहा-आठ सिलेंडरच्या शेजारी लाजू नये म्हणून इंजिन फक्त दोन जागी टेकवलं, पुढे उंचावर आणि मागे खाली, आणि दोन्हीकडे रबर. युक्ती अशी की त्या दोन टेकूंना जोडणारी रेषा इंजिनाच्या गुरुत्वमध्याजवळून जाते, त्यामुळे इंजिन ज्या आसाभोवती आपणहून डोलतं त्याच आसाभोवती त्याला डोलू दिलं. फ्रान्सच्या सित्रोएनने परवाना घेऊन १९३२ मध्ये तेच आपल्या गाड्यांत आणलं आणि खूण म्हणून गाडीवर पोहणारा हंस लावला. वरून संथ, खाली पाय मारतोय, असा.

तापीकाठचा | १७ मे, रात्री ८:५५

हंसाचं माहीत नाही, आमचा बैल अजून उधळतोय. बोटाला लागलेलं ते ऑइलच निघालं, टॅपेट कव्हरमधून गळत होतं. पॅकिंग बदललं. उजवं माउंट खोललं, तर आतलं पाणी कधीच गेलेलं. नव्याशेजारी ठेवलं तर जुनं बोटाच्या पेराएवढं खचलेलं. नवं कंपनीचंच टाकलं, शिवाय खालचा टॉर्क रॉडही नवा. जळगावच्याच एका गॅरेजला काम केलं.

आणि तरी थरथर! आधीपेक्षा कमी, पण आहे. बंद करतानाचा हिसका निम्मा झाला. आता मात्र डोकं फिरलंय.

नाना_गॅरेजवाले | १७ मे, रात्री ९:३०

डोकं ठिकाणावर ठेवा. सांगा, बोल्ट आवळले तेव्हा इंजिनाखाली जॅक होता का?

तापीकाठचा | १७ मे, रात्री ९:३४

हो. चेंबरखाली, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्याखाली, लाकडी फळी, खाली जॅक. सगळं पक्कं आवळून मगच जॅक काढला.

नाना_गॅरेजवाले | १७ मे, रात्री १०:०५

फळी घातली ते चांगलं, नाहीतर चेंबरला पोचा आला असता. पण जॅकवर इंजिन एका जागी असतं, जॅक काढल्यावर दुसऱ्या जागी बसायला बघतं. तुम्ही त्याला चुकीच्या जागी खिळवलं. रबर आता पीळ घेऊनच उभं आहे, कॉलरला धरलेल्या माणसासारखं.

उद्या असं करा. गाडी सपाट जागी, चारही चाकांवर. जॅक नाही. तिन्ही माउंटांचे बोल्ट हाताने फिरतील इतके सैल, पण काढायचे नाहीत. इंजिन चालू करून दोन मिनिटं तसंच राहू द्या, त्याला हवं तिथे ते बसतं. मग बंद करून आधी वजनवाली दोन आवळायची नि टॉर्क रॉड सगळ्यात शेवटी. टॉर्क पान्याने, कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्यावर. काही गाड्यांचे बोल्ट एकदाच वापरायचे असतात, पुस्तकात तसं असेल तर नवे घ्या. अर्ध्या तासाचं काम. पैसे मागितले तर माझं नाव सांगा. नाही, सांगू नका, तिकडे माझी उधारी आहे.

शहाद्याची_सून | १८ मे, सकाळी ११:२०

माझा निकाल. टॉर्क रॉडचं मागचं रबर अर्धवर्तुळात फाटलं होतं. तोरणमाळच्या घाटात दर महिन्याला माहेरची माणसं फिरवते, त्याचा प्रसाद असणार. बदललं. डी मध्ये अजून बारीक गुरगुर आहे, पण ती जन्मजात समजून घेते. शोरूमवाल्यांना फाटलेला तुकडा नेऊन दाखवला, "असतंच" म्हणाले नाहीत.

तापीकाठचा | १९ मे, रात्री ९:१८

नानांनी सांगितलं तसं केलं. बोल्ट सैल केले आणि इंजिन चालू केलं तेव्हा ते डाव्या बाजूला सरकलं, मी डोळ्यांनी बघितलं, करंगळीच्या नखाएवढं. मग आवळलं.

आज आकाशवाणी चौक, एसी तीनवर, मागे केळीचा ट्रक. आरशात नंबरप्लेट एकच, एमएच १९ पासून शेवटच्या आकड्यापर्यंत वाचली. हँडलवरच्या हाताला इंजिन चालू आहे एवढंच कळतं. नाना, जळगावला आलात की भरीत-भाकरी माझ्याकडे.

नाना_गॅरेजवाले | १९ मे, रात्री ९:४०

भरीत मे महिन्यात? थंडीत बोलवा, बामणोदची वांगी आली की.

खटपट्या_पाचोरा | १९ मे, रात्री १०:५०

नाना, ते सीलंट आता टॉर्क रॉडमधून काढायचं कसं? पेचकसने खरवडलं तर रबर पण निघतंय.

नाना_गॅरेजवाले | १९ मे, रात्री ११:०२

काढू नका. नवा टाका. आणि तो जुना फेकू नका, दाराला अडण म्हणून छान होतो, तसूभर हलत नाही.